सांतोसजवळच्या ओढ्यात सापडलेला उंदीर नेमका कोणत्या जातीचा?

गिरगावकर_इंजिनरूम

नमस्कार मंडळी. मी मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे आणि सध्या रजेवर गिरगावात घरी आलो आहे. गेल्या फेरीत ब्राझीलच्या सांतोस बंदरात आमचे जहाज दुरुस्तीसाठी आठवडाभर अडकले, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या गावाकडच्या घरी नेले. सांतोसहून ईशान्येला, समुद्र आणि सेरा दो मार ही डोंगररांग यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते घर आहे. मागे दाट जंगल, पुढे केळीची बाग आणि बागेला लागून गुडघाभर पाण्याचा ओढा असा, कोकणातल्या माणसाला परका वाटू नये असाच तो मुलूख आहे.

त्या ओढ्यात मासे धरण्यासाठी लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात एके सकाळी एक मोठा उंदीर बुडून मेलेला सापडला. यजमानांनी ‘रातो द’आग्वा’, म्हणजे पाण्यातला उंदीर, एवढे सांगून विषय संपवला. मला मात्र राहवले नाही. हातमोजे चढवले आणि स्टीलच्या पट्टीने मोजमापे घेतली. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत २०५ मिलिमीटर, शेपूट २२० मिलिमीटर, मागचे पाऊल ५० मिलिमीटर आणि कान २२ मिलिमीटर भरला. वजन २९० ग्रॅम होते. (ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले, त्याबद्दल वहिनींची बोलणीही खाल्ली.) पाठ गडद तपकिरी व चकचकीत, दोन्ही कुशी जरा फिकट आणि पोट मळकट पिवळसर करडे होते. पटाशीचे दात नारिंगी होते. मागच्या बोटांच्या मध्ये पडदा असावा असे वाटले.

प्रथमदर्शनी मला ती आपल्या गल्लीतली घूसच वाटली होती. फोटो बरेच आहेत, पण कोणत्या अंगाचे पाहायचे हेच कळत नाही. यावरून जात सांगता येईल का?

मुलुंडचा_वाटसरू

हा कॉयपू असावा, ज्याला पुष्कळ जण न्यूट्रिया म्हणतात. तो दक्षिण अमेरिकेतलाच आहे, पाण्यात राहतो, त्याच्या मागच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि त्याचे नारिंगी दात तर प्रसिद्धच आहेत. आपल्याला मिळालेले पिल्लू असेल.

तळवा_आणि_शेपूट

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि कृंतक, म्हणजे उंदरांसारखे कुरतडणारे, प्राणी हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

वाटसरूंचा अंदाज चुकीचा असला तरी हास्यास्पद मुळीच नाही. पूर्ण वाढलेला कॉयपू पाच ते नऊ किलोंचा असतो हे खरे, पण त्याचे पिल्लू जन्मतःच अंगभर केसांचे, उघड्या डोळ्यांचे आणि साधारण सव्वादोनशे ग्रॅमचे असते. म्हणजे २९० ग्रॅम या वजनावरून कॉयपू बाद करता येत नाही. तो बाद होतो शेपटीवरून. कॉयपूची शेपूट धडापेक्षा आखूड असते, आणि इथे ती धडापेक्षा दीड सेंटिमीटरने लांब आहे. शिवाय कॉयपूच्या पावलावर पहिल्या चार बोटांमध्ये ठसठशीत पडदा असतो व पाचवे बोट मोकळे असते, ते फोटोत लपत नाही. नारिंगी दातांवर मात्र कोणीही विसंबू नये. पटाशीच्या दातांच्या लुकणात, म्हणजे वरच्या कठीण थरात, लोह असल्यामुळे तो रंग येतो आणि तो कितीतरी कृंतकांत दिसतो. आपल्या गटारातल्या घुशीचे दात कधी जवळून पाहिले असतील तर हे पटेल.

नावांमुळेही घोटाळा होतो. स्पॅनिशमध्ये ‘नुत्रिया’ म्हणजे खरे तर पाणमांजर, पण दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात तेच नाव कॉयपूला चिकटले. ब्राझीलमध्ये कॉयपूला ‘रातांव दो बान्यादो’, म्हणजे दलदलीतला थोरला उंदीर, म्हणतात. आपल्या यजमानांनी ते नाव घेतले नाही, ‘रातो द’आग्वा’ म्हटले, हाही एक लहानसा पुरावा समजा.

घुशीबद्दल म्हणाल तर मोठी घूस ही आशियातली आहे, ती तिथे भेटणार नाही. पण बंदराजवळ कोणताही मोठा उंदीर सापडला की त्याआधी आणखी एका प्राण्याला रांगेतून बाहेर काढावे लागते. तो म्हणजे तपकिरी उंदीर, जो जहाजांबरोबर जगभर गेला, जो उत्तम पोहतो आणि ज्याला पाण्यात पाहून लोक हमखास ‘पाणउंदीर’ म्हणतात. पोहणे ही खूण नव्हे; पोहता न येणारा उंदीरच विरळा. तपकिरी उंदराची शेपूट जाड आणि धडापेक्षा आखूड असते, मागचे पाऊल सहसा ४५ मिलिमीटरच्या आत असते, आणि बोटांमध्ये पडदा किंवा पावलाच्या कडेला केसांची झालर नसते.

तेव्हा आपल्या फोटोंमधून चार गोष्टी पाहून सांगा. मागच्या पावलाचा तळवा कसा दिसतो? पावलाच्या बाहेरच्या कडेला ताठ केसांची रांग आहे का? शेपटीच्या खालच्या अंगाला, विशेषतः टोकाकडच्या भागात, केसांची उभी कड दिसते का? आणि पाऊल मोजताना पट्टी नखाच्या टोकापर्यंत नेली होती की बोटाच्या टोकापर्यंत? जुन्या इंग्रजी पुस्तकांत नख सोडून मोजत आणि अमेरिकन पुस्तकांत नखासह मोजतात, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि माणूस नको त्या नावापाशी पोहोचतो.

गिरगावकर_इंजिनरूम

सर, मनापासून आभार. काल रात्री सगळे फोटो मोठ्या पडद्यावर टाकून पाहिले.

पाऊल नखासह मोजले होते. तळव्याचा एक फोटो चांगला आला आहे. तळवा काळपट आहे आणि त्याच्या टाचेकडच्या भागावर बारीक खवल्यांसारखी नक्षी आहे. आधी मला ती चिखलाची वाळलेली पापडी वाटली होती, पण धुतल्यानंतरच्या फोटोतही ती तशीच आहे. बाहेरच्या कडेला आखूड, ताठ, चंदेरी केसांची रांग टाचेपासून करंगळीपर्यंत सलग दिसते. बोटांमधला पडदा मात्र मला वाटला होता तेवढा नाही. मधल्या तीन बोटांच्या बुडाशी थोडी कातडी जोडलेली आहे, एवढेच.

शेपटीकडे मी तेव्हा लक्षच दिले नव्हते. उताणा ठेवलेला एक फोटो आहे, त्यात शेपटीखाली गडद केसांची एक रेघ टोकापर्यंत गेलेली दिसते. ओल्या केसांचा झुबका असेल असे समजून मी तो फोटो पुसून टाकणार होतो.

तळवा_आणि_शेपूट

तो फोटो पुसला नाहीत हे फार बरे केलेत, कारण सगळे प्रकरण त्याच रेघेवर उभे आहे.

यापुढे मी ‘वंश’ हा शब्द जवळच्या जातींच्या गटासाठी वापरतो आणि ‘जात’ त्याच्या आतल्या एकेका प्रकारासाठी. दक्षिण अमेरिकेत पाण्याला सरावलेले उंदीर एकाच वंशातले नाहीत. पाण्याकडे वळण्याचा उद्योग तिथल्या उंदरांनी निरनिराळ्या शाखांत वेगवेगळा केलेला आहे. म्हणूनच पडदा, झालर, शेपटीखालची कड ही लक्षणे सगळीकडे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतात, आणि यांपैकी एकच धरून बसले की फसगत होते.

आपल्याला उंदीर सापडला त्या भागात खरी स्पर्धा दोन वंशांत आहे, नेक्टोमिस आणि होलोकायलस. दोघेही त्या किनारपट्टीवर आढळतात, दोघेही साधारण याच आकाराचे असतात. होलोकायलस हा दलदलीतला, गवत-लव्हाळ्यांत राहणारा उंदीर आहे. पाण्यावर उभ्या असलेल्या लव्हाळ्यांत तो गवत विणून गोल घरटे बांधतो, मुख्यतः वनस्पती खातो, आणि ऊस व भातशेतीत त्याच्या जाती बऱ्याच बदनाम आहेत. त्याच्या बोटांतला पडदा चांगला असतो, पण पावलाच्या कडेची झालर जवळजवळ नसते. पाठीचा रंग उजळ, तांबूस-पिवळ्याकडे झुकणारा, आणि पोट पुष्कळदा पांढरे किंवा नारिंगी छटेचे असते. नेक्टोमिसचे याच्या उलट आहे. पडदा बेताचा, झालर ठळक, शेपटीखाली केसांची कड, पाठ गडद तपकिरी व पाणी न धरणारी, पोट मळकट. तो ओढ्याकाठी, झाडांच्या मुळांत आणि पडलेल्या ओंडक्यांखाली राहतो, आणि फळे, किडे, बेडकांची पिल्ले असे मिळेल ते खातो. आपल्या वर्णनातली एकेक ओळ दुसऱ्या बाजूला जाते.

आणि खवले. नेक्टोमिसच्या ज्या जातीचा १८२७ साली ब्रांट्स यांनी पहिल्यांदा परिचय करून दिला, तिचे नाव स्क्वॅमिपेस आहे. त्या लॅटिन शब्दाचा सरळ अर्थ ‘खवलेपाय’. ब्रांट्स यांनी तिला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे साध्या उंदरांच्या वंशात टाकले होते. नेक्टोमिस, म्हणजे ‘पोहणारा उंदीर’, हा स्वतंत्र वंश पेटर्स यांनी १८६१ साली केला. गंमत अशी की त्या पहिल्या नमुन्याचे ठिकाण म्हणून साओ सेबास्त्यांव नोंदवलेले आहे, म्हणजे आपण ज्या किनाऱ्यावर उभे होता त्याच किनाऱ्यावर थोडे पुढे.

बाकीच्यांचा निकाल लवकर लागतो. लुंडोमिस हा या सगळ्यांत पोहण्यासाठी अधिक सजलेला. त्याचे पाऊल सहज ६० मिलिमीटरच्या आसपास भरते आणि शेपूट धडापेक्षा बरीच लांब असते, पण तो आज उरुग्वे आणि ब्राझीलच्या अगदी दक्षिण टोकाला राहतो. त्याची ओळख आधी ब्राझीलमधल्याच लागोआ सांता इथल्या गुहांतल्या जीवाश्मांवरून झाली, विंगे यांनी १८८७ साली त्याचे नाव ठेवले, आणि जिवंत प्राणी त्याच जातीचा आहे हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. स्काप्टेरोमिसचाही मुलूख दक्षिणेकडचाच. त्याची नखे उकरण्याजोगी लांब असतात आणि बोटांत पडदा नसतो. डार्विन यांनी उरुग्वेतल्या माल्दोनादोहून आणलेल्या नमुन्यावरून वॉटरहाउस यांनी १८३७ साली त्याचा परिचय करून दिला होता.

राहिले मासेखाऊ म्हणून ओळखले जाणारे इक्थिओमिस आणि त्याचे भाऊबंद. ते मुख्यतः अँडीजच्या आणि उत्तरेकडच्या वाहत्या झऱ्यांत राहतात. त्यांचे डोळे बारीक, मिशा जाड व ताठ, आणि कान इतके लहान की इक्वेडोरच्या अॅनोटोमिसचा बाहेरचा कान दिसतच नाही. त्या नावाचा अर्थच ‘कान नसलेला उंदीर’. आपला २२ मिलिमीटरचा कान त्या घराण्यात बसत नाही. इक्थिओमिस आणि अॅनोटोमिस ही दोन्ही नावे लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी ठेवली, १८९३ आणि १९०६ साली. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुढे भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली, तिच्यातल्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांतही हेच थॉमस होते. मुंबईचा या विषयाशी आलेला संबंध तेवढाच, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हा माझे मत: वंश नेक्टोमिस, याबद्दल शंका नाही.

पवईकाठ

सर, एक शंका आहे. आपण रंगाला इतके खालचे स्थान का देता? पक्षी ओळखताना आम्ही आधी रंगच पाहतो.

दुसरे म्हणजे, २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोने मुंबईत जे केले ते आमच्या घराने जवळून पाहिले आहे, म्हणून विचारतो: मेलेला उंदीर असा हाताळणे कितपत योग्य?

तळवा_आणि_शेपूट

पक्ष्याचा रंग पिसांत पक्का असतो आणि पुष्कळदा तो एकमेकांना ओळखण्यासाठीच असतो. रात्री हिंडणाऱ्या उंदराला त्याचे काय? एकाच जातीत पिल्लू करडे, तरुण प्राणी गडद आणि म्हातारा तांबूस असू शकतो. भिजल्यावर सगळेच काळे दिसतात आणि संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांवर वर्षानुवर्षांनी तांबूस छटा चढते. मी विद्यार्थ्यांना रंग शेवटी लिहायला लावत असे. पाऊल मात्र कामाचा अवयव आहे. झालरीचे केस पाणी मागे लोटताना वल्ह्यासारखे पसरतात आणि पाऊल पुढे आणताना मिटतात. शेपटीखालची कड सुकाणूचे काम करते. इंजिनरूमवाल्यांना हे अधिक सांगायला नको.

लेप्टोबद्दलची आपली काळजी रास्त आहे. हातमोजे घातले हे चांगले झाले, पण स्वयंपाकघरातला काटा वापरायला नको होता, वहिनींचे म्हणणे बरोबर होते. नेक्टोमिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. माणसाच्या आतड्यांलगतच्या रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा मॅन्सोनी नावाचा चपटा कृमी ब्राझीलमध्ये या उंदरातही वाढतो आणि त्याची अंडी पाण्यात पडत राहतात. तिथून गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत आणि पुन्हा पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत, असा त्याचा फेरा आहे. म्हणून अशा संथ ओढ्यात उतरण्याआधी स्थानिकांना जरूर विचारावे.

गुणसूत्रवाला

तळवा_आणि_शेपूट सरांच्या वंशाबद्दलच्या निष्कर्षाशी पूर्ण सहमत आहे, पण जातीपाशी थोडे थांबावे असे सुचवतो. नेक्टोमिस स्क्वॅमिपेस आणि नेक्टोमिस रॅटस या दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या आहेत की पट्टी, काटा आणि फोटो यांच्या बळावर त्या वेगळ्या काढणे धाडसाचे आहे. हर्शकोविट्झ यांनी १९४४ साली या वंशाचा आढावा घेतला तेव्हा अँडीजपासून अटलांटिकपर्यंतचे हे सगळे उंदीर स्क्वॅमिपेस या एकाच जातीत घातले होते, आणि त्या काळची पुस्तके आजही तेच सांगतात. पुढे पेशींतली गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा स्क्वॅमिपेसमध्ये मूळ संख्या ५६ आणि रॅटसमध्ये ५२ निघाली. त्यांवर एखाद-दुसरे जादा गुणसूत्र असू शकते, म्हणून आकडा पुढेमागे होतो. बंदिवासात दोघांचा संकर झाला, पण त्यातून झालेले नर वांझ निघाले. एवढा आतला फरक असून चेहरा एकच!

आता इथे स्क्वॅमिपेस म्हणायचे ते मुलुखावरून. पूर्व ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात स्क्वॅमिपेस, तर अॅमेझॉन, पांतानालची दलदल आणि आतल्या मोकळ्या रानांत रॅटस, अशी वाटणी आहे. सेरा दो मारच्या पायथ्याचा ओढा पहिलीच्या हद्दीत येतो. तरीही नोंद करताना जातीचे नाव ठिकाणावरून ठरवले आहे, असे स्पष्ट लिहावे. शरीरावरून ठरले ते फक्त वंशापर्यंत.

तळवा_आणि_शेपूट

ही दुरुस्ती मान्य आहे, आणि मी ती आधीच करायला हवी होती. दोन्ही जातींच्या जुन्या वर्णनांत मी स्वतः अनेकदा अडखळलो आहे.

इंजिनरूम साहेब, कवटी जपली आहे का? वंश तिच्यावरून कायमचा पक्का करता येईल. वरच्या जबड्यात एका बाजूला तीनच दाढा असतील, कॉयपूला चार असतात. पहिल्या दाढेवर उंचवट्यांच्या दोन उभ्या रांगा असतील. तपकिरी उंदराच्या वरच्या दाढांवर त्या तीन असतात, आणि साध्या भिंगातूनही हा फरक दिसतो. होलोकायलसच्या दाढा उंच, माथ्यावर सपाट झिजलेल्या आणि त्रिकोणी घड्यांच्या असतात, गवत दळण्यासाठी. नेक्टोमिसच्या बुटक्या आणि गोलसर उंचवट्यांच्या, आणि त्या उंचवट्यांच्या मध्ये एक बारीक आडवा बांध बाहेरच्या कडेपर्यंत आलेला असतो. होलोकायलसमध्ये तो बांध नसतो.

गिरगावकर_इंजिनरूम

सगळ्यांचे आभार. फोटोंच्या फोल्डरला काल ‘घूस?’ असे नाव होते. आता ‘नेक्टोमिस, ठिकाणावरून स्क्वॅमिपेस’ असे केले आहे.

कवटीची गोष्ट अशी की माझे काम झाल्यावर यजमानांनी तो उंदीर केळीच्या बुंध्याशी पुरून टाकला. आज सकाळी त्यांना फोन केला. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले की जागा लक्षात आहे, वर वीट ठेवली होती, कुत्र्याने उकरू नये म्हणून. कवटी मुंबईला आणण्याचा माझा विचार होता, पण तिथले नमुने परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हे त्यांनीच मला सुनावले. त्यांचा मुलगा साओ पावलो विद्यापीठात शिकतो आणि तिथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय आहे. मांस गळून जाण्यासाठी आणखी दोन महिने थांबायचे, मग हातमोजे घालून कवटी काढायची आणि मोजमापांच्या चिठ्ठीसह तो ती संग्रहालयात नेऊन देईल, असे ठरले आहे. चिठ्ठीवर पाऊल ‘नखासह ५० मिलिमीटर’ असे लिहायला मी त्यांना दोनदा सांगितले.

तळवा_आणि_शेपूट

चिठ्ठी पेन्सिलीने लिहायला सांगा. शाई फुटते आणि पाच वर्षांनी काहीच वाचता येत नाही. तारीख, ओढ्याचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही हवी.